न तुटलेली चेन

माझ्या नाकावर राग असतो, हे सायकल दुरुस्तीला आणणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. जुनी गिऱ्हाइकं दारातूनच सांगतात, "बाई, आधी ऐकून घ्या, मग ओरडा." सगळे हसतात, मीही हसते. इतकी वर्षं मी धरून चालले होते की माझं ओरडणं कुणी मनाला लावून घेत नाही.

बाबांनी लावून घेतलं.

बाबा शिंपी. चाळीस वर्षं पायमशीन चालवलं. गुडघा गेला तेव्हा मशीन सुटलं, पण सायकल सोडायला तयार नव्हते. कारण आत्या. बाबांची ही थोरली बहीण. आई लहानपणीच गेल्यावर तिनंच त्यांना न्हाऊमाखू घालून वाढवलं. आता ती टेकाडावरच्या वृद्धाश्रमात होती. डोळे गेले होते, कान मात्र शाबूत. भेटायची वेळ चार ते पाच, आणि पाच म्हणजे पाच. बाबांना रोज जायचं होतं आणि तो चढ गुडघ्याला झेपत नव्हता. म्हणून मी त्यांच्या सायकलला मोटर बसवली.

बाबांनी मागच्या चाकात बसते ती साधी मोटर मागितली होती. ती नुसती पुढे ढकलते, गियरशी तिला देणंघेणं नाही. "मला तेवढंच जमेल," म्हणाले. पण मिस्त्रीच्या बापाच्या सायकलला तसलं काही लावलं तर माझी काय शोभा? मी पेडलच्या मधोमध बसणारी लावली. ती पायाचा जोर ओळखते आणि त्या मानानं मदत करते. चढावर तिचा हात धरणारी दुसरी नाही. फक्त तिची सगळी ताकद चेनमधून जाते. गियर बदलताना क्षणभर पाय सैल सोडावा लागतो. नाही सोडला तर पाय आणि मोटर दोघंही चेन ओढत राहतात, आणि एक दिवस ती खाडकन तुटते.

बाबांचा पाय सैल सुटेना. पायमशीनवर पाय मध्येच थांबला की चाक उलटं फिरतं आणि दोरा तुटतो. चाळीस वर्षं त्या पायाला एकच शिकवलेलं, थांबायचं नाही. गियर बदलायचा म्हटलं की बाबा हातावर लक्ष द्यायचे आणि पाय आणखी जोरात दाबायचे. मी दुकानामागच्या गल्लीत त्यांना शिकवायला घेऊन जायची. "सोडा, सोडा, आता सोडा!" मी ओरडायची. ते घाबरून ब्रेक सोडायचे.

पहिल्या महिन्यात तीन चेन तुटल्या. तिसरी चढाच्या मध्यावर तुटली. त्या दिवशी आत्याची भेट हुकली आणि बाबा सायकल ढकलत, हात काळे करून दुकानात परतले. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. मी मागचापुढचा विचार केला नाही.

"बाबा, शाळेतली पोरं दोन दिवसांत शिकतात हे! तुम्हाला महिना झाला! सांगून सांगून माझं तोंड दुखलं, पण तुमच्या डोक्यात काही शिरेल तर शपथ. आता पुढची चेन तुटली ना, तर सायकलच काढून घेईन. मग बसा घरी."

कुणीतरी खुदकन हसलं. बाबाही हसले. फडक्याला हात पुसत म्हणाले, "नाही तुटणार आता, मास्तरीणबाई."

आणि खरंच तुटली नाही.

महिना गेला. मी सायकल स्टँडवर चढवून चेनला माप लावलं. झीज नावाला नव्हती, काल बसवल्यासारखी चेन. बॅटरीचंही तसंच. आधी बाबा रोज संध्याकाळी ती काढून, तान्ह्या मुलासारखी दोन्ही हातांत धरून वर घरात आणायचे आणि चार्जिंगला लावायचे. आता आठवडा आठवडा लावावी लागत नव्हती. मी मनाशी म्हटलं, म्हातारा शिकला! हलक्या पायानं, कमी मदतीवर चालवतोय. माझा आनंद पोटात मावेना. दुकान भरलेलं असताना मी सगळ्यांना ती चेन दाखवली. "बघा, याला म्हणतात सायकल चालवणं! सत्तरीचा माणूस आहे. शिका काहीतरी. शाब्बास, बाबा!"

बाबा कानापर्यंत लाल झाले. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं होतं, हे मला आज आठवतं. तेवढ्यात फोन वाजला आणि मी वळले.

दुपारी मी घरोघरी सायकली पोचवायला जाते, तेव्हा दुकान बाबा सांभाळतात. साडेतीनला मी आले की ते सुटतात. त्या सुमारास एकदा त्यांनी विचारलं होतं, "मी तीनला निघालो तर चालेल का गं?" मी कुणाच्या तरी चाकाच्या तारा आवळत होते. मानही वर न करता म्हटलं, "एवढी मोटर बसवून दिलीय, पंधरा मिनिटांत पोचता. लवकर कशाला? आणि दुकान कोण बघणार?"

"बरं," म्हणाले. पुन्हा विचारलं नाही.

आणखी दोन महिन्यांनी आत्या झोपेतच गेली. बाबा रडले नाहीत, फक्त जेवण कमी झालं. वृद्धाश्रमातून तिचं सामान आणायला मी एकटीच गेले. तिथल्या नर्सबाईंनी एक पिशवी दिली. डोळे होते तेव्हाचा चष्मा, शाल, बाबांनी शिवलेले दोन झगे. मी उगाच बोलायचं म्हणून बोलले, "बाबा रोज तासभर यायचे, तेवढाच तिला आधार."

नर्सबाई घुटमळल्या. "तासभर कुठे हो? पहिल्या महिन्यात बसायचे. नंतर पावणेपाच तरी व्हायचेच त्यांना. घामाघूम व्हायचे, आधी पाणी द्यावं लागायचं. पंधरा मिनिटं झाली की मला घंटा वाजवावी लागायची. माझ्याच जिवावर यायचं. आजी चार वाजल्यापासून दाराकडे तोंड करून बसायच्या ना."

मी खाली कशी आले ते आठवत नाही. दुकानात येऊन बाबांची सायकल ओढली आणि हँडलवरची स्क्रीन चालू केली. मोटरची मदत शून्य ते चार अशा नंबरांत लावता येते, आणि कोणत्या नंबरावर किती अंतर कापलं ते तिथं लिहून येतं. बटण तीनदा दाबलं की दिसतं. तीन महिने मी चेनला माप लावत होते, ते बटण एकदाही दाबलं नव्हतं. तिसऱ्या चेननंतरचं जवळजवळ सगळं अंतर शून्य नंबरावर होतं.

मोटर बंद. म्हणजे सपाटीला बाबा नुसत्या पायानं चालवत होते आणि चढ लागला की उतरून ढकलत होते. मोटर आणि बॅटरी धरून पंचवीस किलोची सायकल, त्या गुडघ्यानं, रोज. गुडघ्यासाठी बसवलेली मोटर त्यांनी तीन महिने हमालासारखी वर वाहून नेली होती.

बाबा वर खिडकीशी बसले होते. मी पिशवी त्यांच्यासमोर ठेवली. वाटलं होतं रडू येईल, पण सवयीनं आवाजच चढला. "का नाही सांगितलंत मला? ढकलत जात होतात रोज! एक शब्द बोलायचा होता, एका दुपारात मोटर बदलून दिली असती!"

"सांगणार होतो," बाबा म्हणाले. "तू ओरडलीस त्यानंतर महिनाभर वाटलं, तुझा राग निवू दे, मग सांगू. तेवढ्यात तू दुकानात सगळ्यांना चेन दाखवलीस." ते शालीची घडी उगाचच पुन्हा घालू लागले. "शाब्बास म्हणालीस. मग कसं सांगणार? तुझीच फजिती झाली असती लोकांत."

मी खाली जमिनीवर बसले. चुकलं, बाबा, असं म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असेन. ते म्हणाले, "अगं, तू माझ्यासाठीच केलंस ना सगळं." त्यानं मला आणखीनच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर सुटले असते.

मी विचारलं, "आत्या काही म्हणायची का? उशिराचं?"

"विचारायची की. रोज विचारायची, एवढा उशीर का रे करतोस."

"मग?"

"सांगायचो, दुकानात गर्दी फार असते. पोरगी मोठी मिस्त्री झालीय, लांबलांबून माणसं तिच्याकडेच येतात, मला सोडतच नाहीत. तिला ते फार आवडायचं. मग तुझंच विचारत बसायची, आज किती सायकली आल्या, तू काय काय दुरुस्त केलंस. मी सांगत बसायचो."

त्या पंधरा मिनिटांतली किती मिनिटं माझं कौतुक सांगण्यात गेली, हे मी बाबांना विचारलं नाही.