मुदतवाढीची लेक

चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासणाऱ्या बाईला स्वतःच्या घरात कोण आहे ते दिसत नाही, अशी सरकारी कचेरीची प्रामाणिक समजूत होती. बाईच्या मते घरात तिची मुलगी होती. कचेरीच्या मते ती पाहुणी होती.

वास्तविक परदेशातल्या न्यायाधीशांनी तिला आणि तिच्या बसचालक नवऱ्याला रीतसर ठकीचे आईबाप करून टाकलं होतं. लाखेचा शिक्का, रेशमी फीत, सगळं यथासांग. तिथल्या अनाथाश्रमातली ती एवढीशी पोर कडेवर घेऊन दोघं मायदेशी उतरली, तेव्हा विमानतळावरच्या खिडकीतल्या माणसानं ठकीच्या पासपोर्टवर 'भेटीसाठी' असा ठप्पा उमटवला आणि विचारलं, "मुक्काम किती?"

"जन्मभर," नवरा म्हणाला.

"तसा रकाना नाही," माणूस म्हणाला.

तेव्हापासून मुदतवाढ सुरू झाली. दर काही महिन्यांनी ठकीला नवे कपडे घालून कचेरीत न्यायचं, आणि ती इथून जाणार कधी, या प्रश्नाला उत्तर द्यायचं. नागरिकत्वाचं टेबल वेगळं. तिथले साहेब मोठे सज्जन. परदेशी निकालावर त्या देशाचा शिक्का हवा, त्या शिक्क्यावर आपल्या देशाचा हवा, आणि तो मारणारा अधिकारी दरम्यान निवृत्त झाला असेल तर पहिल्यापासून सुरुवात, हे ते इतक्या गोड आवाजात सांगायचे, की घरी पोचेपर्यंत बाईला आपलं काम झालंय असंच वाटायचं.

सासूबाईंचा या प्रकरणाला पहिल्यापासून विरोध. "कुठली कोण पोर, उद्या डोक्यावर बसेल," असं त्यांनी बजावलं होतं. अंदाज अचूक निघाला. ठकी रोज संध्याकाळी त्यांच्याच खांद्यावर चढून बसे आणि पांढरे केस मोजून उपटत असे. सासूबाई ओरडत, पण मान हलवत नसत.

शेवटी सगळे शिक्के जमले. मग साहेबांना एक नवीनच शंका आली. नातं नुसतं कागदोपत्री तर नाही ना? इतकी वर्षं कागदाशिवाय कशाकडेही न बघणाऱ्या माणसाला ही शंका यावी, याचं बाईला फार कौतुक वाटलं. घरी तपासनीस येणार असं ठरलं.

तो यायच्या दिवशी घर असं चकचकीत झालं, की राहणाऱ्यांनाच परकं वाटावं. नवऱ्यानं रजा काढून भिंतभर फोटो टांगले. ठकीनंही आपल्या परीनं तयारी केली. कात्री घेऊन कपाळावरचे केस स्वतःच्या हातानं मुळापासून कापले. बाईनं कात्री हिसकावून तिला पाठीत धपाटा घातला, आणि नेमकी दारावरची घंटा वाजली.

तपासनीस खुर्चीच्या कडेवर बसला. पेन काढून म्हणाला, "बाळ, ही तुझी कोण?"

"कोणी नाही," ठकी म्हणाली.

"म्हणजे?"

"मला हिच्याकडे राहायचंच नाही. मी जाणार."

"कुठे?"

"विमानातनं. परत."

पेन भराभर चालू लागलं. इतकी वर्षं कचेरी जे विचारत होती, त्याचं उत्तर आज घरच्या घरी, कुठल्याही शिक्क्याविना मिळालं होतं.

"जाणार?" सासूबाई कडाडल्या. "जा की! घाल चप्पल. तिथं बसलेत ना तुझे लाड करायला! आईला असं बोलतात होय गं, टवळे?"

ठकीनं भोकाड पसरलं आणि धावत जाऊन बाईच्या मांडीत तोंड खुपसलं. "आई! बघ ना ही आजी!"

बाईनं आपल्या बाहीनंच तिचं नाक पुसलं. "बघते. पण कात्री मिळणार नाही म्हणजे नाही."

तपासनिसानं आधीचं लिहिलेलं खोडलं. "माझी धाकटी दर रविवारी घर सोडून जाते," तो म्हणाला. मग सावकाश एक ओळ लिहून त्यानं पेनाला टोपण लावलं.

"काय लिहिलंत?" नवऱ्यानं घाबरत विचारलं.

"नातं खरं आहे. खोटं असतं तर पाहुण्यासमोर सगळे गोड वागले असते."

नागरिकत्व मिळालं. लगेच नाही, कचेरीलाही स्वतःची प्रतिष्ठा असते. ज्या दिवशी ते प्रमाणपत्र घ्यायला बोलावलं, त्या दिवसासाठी बाईनं कितीतरी टोमणे जपून ठेवले होते. दुकानात लोकांना अक्षरं वाचायला लावताना ती मनातल्या मनात त्या टोमण्यांना धार लावत असे. आज एकेक करून साहेबांना ऐकवायचे, असं ठरवूनच ती आत शिरली.

साहेब उठून उभे राहिले. "अभिनंदन, आई," ते म्हणाले.

या माणसानं आजवर तिला 'अर्जदार' सोडून दुसरी हाकच मारली नव्हती. एकही टोमणा आठवेना. ती टेबलाला धरून ढसाढसा रडली, आणि आपण रडतोय म्हणून स्वतःवरच चिडली. नवरा खिशात रुमाल शोधत राहिला. सासूबाई छताकडे बघत म्हणाल्या, "पंखा साफ करत नाहीत वाटतं इथे," आणि त्यांनी डोळे पुसले.

तेवढ्यात देशाच्या सर्वात नव्या नागरिकानं पाय एकमेकांत आवळून पहिली मागणी केली. "आई, शू आलीये. खूप."

स्वच्छतागृहाची किल्ली साहेबांच्याच खणात होती. तेवढी मात्र त्यांनी कुठलाही कागद न मागता दिली.