चौसष्टावा रिवेट

आमच्या पुलात आठ रिवेट जास्त आहेत. देखभाल खात्यात माझी सव्वीस वर्षं गेली, तेव्हा हे मला माहीत असणारच असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. खात्याला त्या आठांचा पत्ता पूल बांधतानाच लागला होता आणि खात्याने रीतीप्रमाणे भलत्याच माणसाला धरलं होतं. खरा प्रकार मला गेल्या महिन्यात स्वयंपाकघरात कळला, आत्याकडून.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहिली. ती पुलाच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होती. हल्लीच्या पोरांना हे काम समजावून सांगावं लागतं. आरेखक पेन्सिलीने कागदावर आकृती काढायचा. ट्रेसरने त्यावर ट्रेसिंगचं पातळ कापड ताणून बसवायचं आणि खालची प्रत्येक रेघ शाईने वर उतरवायची. त्या कापडावरून ब्लूप्रिंट निघायच्या आणि कारखान्यात जायच्या. खालचा पेन्सिलीचा कागद खोडून परत वापरायचे. खिडकीजवळच्या लांब टेबलाशी अशा सात बायका बसत. कोपऱ्यातल्या चौकटीत आरेखकाचं नाव, तपासणाऱ्याचं नाव आणि साहेबांची सही असे. ट्रेसरला रकानाच नव्हता. "नावच नाही, तर नावं कोण ठेवणार?" असं आत्या म्हणायची आणि स्वतःच हसायची.

मी या धंद्यात पडले ती तिच्यामुळे. मी सात वर्षांची असताना तिने बैठकीच्या खोलीत दोन खुर्च्या मांडल्या, एकीवर बाबा, दुसरीवर आई. दोघांनी हात पसरायचे, हाताखाली खुर्चीपर्यंत तिरक्या काठ्या, बाहेरच्या हातांना दोरीने बांधलेल्या पाण्याच्या भरल्या बादल्या आणि आतल्या हातांत एक फळी. त्या फळीवर मी. "हा आमचा पूल," आत्या म्हणाली. "दोन्ही काठांवरून हात पुढे येतात, मागे वजन असतं म्हणून पडत नाहीत, आणि मधला तुकडा त्यांच्या जिवावर बसतो." एका जुन्या इंजिनियरने असाच माणसं बसवून आपला पूल लोकांना समजावला होता म्हणे. आमचा पूल बाबांचं नाक खाजेपर्यंत टिकला. मग मी, फळी आणि अर्धी बादली सतरंजीवर. आई दोन दिवस आत्याशी बोलली नाही.

पुलांच्या अशा गोष्टी तिच्याकडे खूप होत्या. जगातला पहिला लोखंडी पूल सुतारांच्या पद्धतीने, खाचा आणि कुसं घालून जोडला होता, कारण लोखंड जोडायचं कसं हे तोवर कुणाला धड ठाऊकच नव्हतं. एका मोठ्या झुलत्या पुलाचा इंजिनियर आजारी पडून खोलीत अडकला, तेव्हा त्याची बायको साइटवर जाऊन त्याचे निरोप देई, आणि देता देता तीच पूल शिकली. ही गोष्ट सांगताना आत्याचा आवाज चढायचा. आणि आमच्या पुलाचा मधला तुकडा उन्हात बसेना, कारण दुपारी लोखंड फुगून फट लहान व्हायची. शेवटी पहाटेच्या गारव्यात तो अलगद आत गेला. आमचा पूल मोठ्या पुलांतला शेवटचा रिवेटचा. पुढचे सगळे बोल्टचे आणि वेल्डिंगचे, आणि आत्याच्या मते त्यांना चेहराच नाही.

तिच्या गोष्टींत एक माणूस वारंवार यायचा, भिंगवाले. खिशात कायम भिंग, म्हणून हे नाव. ऑफिसातले सगळ्यात अचूक आरेखक. "त्यांची रेघ केसाएवढी बारीक, आणि मध्ये कुठे तुटायची नाही," एवढं म्हणून आत्या उठायची आणि उगाच काहीतरी आवरायला घ्यायची. आई माझ्याकडे बघून भुवया उडवायची. पण पुढे काय झालं हे विचारलं, की आत्या ताकाला तूर लागू द्यायची नाही.

तर या वर्षी पुलाला पन्नास वर्षं झाली. खात्याने समारंभ काढला, आणि हयात असलेल्या जुन्या माणसांची यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ड्रॉइंग ऑफिसातली दोनच माणसं सापडली. त्यातली एक आमच्याच घरात राहत होती.

"मी नाही येणार," आत्या म्हणाली.

"का?"

"गुडघे."

हेच गुडघे आदल्या दिवशी तीन जिने चढून शेजारणीशी भांडून आले होते. दोन दिवसांनी, मटार सोलता सोलता, तिने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या यादीत दुसरं कोण आहे?"

"भिंगवाले."

तिचे हात थांबले. "आहेत?"

"आहेत की. ऐकू कमी येतं फक्त. पूल उभा राहत होता तेव्हा रिवेट ठोकणाऱ्यांत दोन वर्षं होते ना, तिथे कान गेले."

आत्याने पाटी बाजूला सारली. मग जे सांगितलं ते त्रेपन्न वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

पुलाच्या तुळया जिथे एकत्र येतात तिथे त्यांना धरायला जाड लोखंडी प्लेट असते. तिला गसेट म्हणतात. भिंगवाल्यांनी अशा एका गसेटची आकृती काढली आणि ती आत्याकडे आली. पेन्सिलीत प्रत्येक रिवेट म्हणजे एक बारीक वर्तुळ आणि मध्ये ठिपका. एका कोपऱ्यात, सगळ्या रांगांच्या बाहेर, नुसता ठिपका होता. वर्तुळ नव्हतं. शंका आली तर उठून आरेखकाच्या टेबलाशी जायचं आणि विचारायचं, हा ऑफिसचा पहिला नियम.

"मग विचारलं का नाहीस?"

"त्या दिवशी तीनदा जाऊन आले होते विचारायला," आत्या म्हणाली. "खऱ्याच शंका होत्या गं. पण तिसऱ्यांदा परत आले तेव्हा सगळं टेबल खोकायला लागलं. एकीने विचारलं, चौथी शंका मुहूर्त बघून काढणार का. चौथ्यांदा उठायची लाज वाटली. म्हटलं, वर्तुळ पुसलं गेलं असेल. मी घातलं."

कापड तपासायला गेलं. संध्याकाळी कागद परत द्यायला उचलला, तर तो ठिपका तिच्या अंगठ्याला चिकटून आला. माशीची घाण होती.

तेव्हाच धावत जाऊन कापड परत मागायला हवं होतं. ब्लेडने शाई खरवडायला दोन मिनिटं लागली असती. ती म्हणाली उद्या. तपासणाऱ्याने त्रेसष्टाच्या जागी चौसष्ट रिवेट बघून मान डोलावली, आणि उद्या उजाडेपर्यंत ब्लूप्रिंट कारखान्यात पोचल्या होत्या. आकृतीवर लिहिलेलं होतं, आठ नग. कारखान्याने इमाने इतबारे आठ प्लेटांना आठ जास्तीची भोकं पाडली. मागे दुसरं काही नाही, नुसत्या प्लेटलाच भोक. उघडं भोक गंजतं, म्हणून साइटवर रिवेटवाल्यांनी हसत हसत तेही भरून टाकलं आणि त्याला 'साहेबाचं बटण' असं नाव दिलं.

ते नाव साहेबांच्या कानावर गेलं आणि तिथे माशी शिंकली. सगळ्या ऑफिससमोर ब्लूप्रिंट फडकवली गेली. चौकटीत नाव भिंगवाल्यांचं. पेन्सिलीचा कागद केव्हाच खोडलेला. ते उभे राहिले आणि म्हणाले, "आकृती माझी आहे. चूक माझी." दुसऱ्या दिवशी त्यांची रवानगी साइटवर झाली. पुढे पूल रंगवणाऱ्या टोळीवर मुकादम झाले, आणि त्यांनी पुन्हा पेन्सिल धरली नाही.

"आणि तू मूग गिळून बसलीस."

"ट्रेसरला त्याच दिवशी घरी पाठवत. तुझ्या बापाचं कॉलेज माझ्या नोकरीवर चालू होतं." तिने मटाराची सालं गोळा केली. "त्यांना माहीत होतं गं. स्वतःची आकृती ते विसरणार? माझ्यासाठी अंगावर घेतलं त्यांनी. मी साधे आभारही मानले नाहीत."

"त्याच दिवशी विचारलं असतंस तर."

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं," आत्या म्हणाली आणि डोळे पुसले. मग म्हणाली, "मी येते. मरायच्या आत एवढं सांगायचंय."

समारंभाला माणसं बरीच होती. साहेब लोकांची भाषणं झाली, त्यांत ज्यांनी पूल बांधला त्यांच्याबद्दल दीड वाक्य होतं. भाषणं संपल्यावर जुन्यांना पुलाच्या पदपथावरून फिरवून आणायचं होतं. भिंगवाले काठी टेकत पुढे चालले होते, नातवाचा असावा असा मोठा कोट अंगात. मला वाटलं होतं आत्याला ढकलत न्यावं लागेल. ती सरळ त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"मी खिडकीजवळची ट्रेसर. ओळखलंत?"

"ओळखलं," ते म्हणाले. "तुमचे आकडे फार सुरेख असायचे."

आत्या लाजली. त्र्याहत्तराव्या वर्षी माझी आत्या लाजली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग ती खालच्या आवाजात बोलायला लागली. घरी आठवडाभर घोकून ठेवलेलं सगळं, माशी, अंगठा, लाज. शेजारून गाड्या धडधडत होत्या. भिंगवाले मान हलवत होते आणि गोड हसत होते.

"काही ऐकू आलं नाही हो," शेवटी ते म्हणाले.

तिने पुन्हा सांगितलं. त्यांनी कानामागे हात धरला. "रिवेटचं काय?"

त्रेपन्न वर्षं जे तिने उशीलाही कळू दिलं नव्हतं, ते मग तिला सगळ्या पुलासमोर ओरडून सांगावं लागलं. "तो चौसष्टावा रिवेट तुमचा नव्हता. तिथे माशी बसली होती. मी ठिपका बघितला आणि तुम्हाला न विचारता रिवेट काढला. मला त्याच दिवशी कळलं होतं, आणि मी गप्प बसले." माझे साहेब वळून बघायला लागले. मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी नदीचं सौंदर्य न्याहाळायला घेतलं.

भिंगवाले हसायचे थांबले. "म्हणजे तो मी काढला नव्हता?"

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मला कसं माहीत असणार? कागद खोडलेला. कापडावर रिवेट दिसत होता, खाली माझं नाव. म्हटलं मीच काढला असणार." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "पुढे साहेब बदलले, त्यांनी परत बोलावलं होतं मला. मी गेलो नाही. नसलेला रिवेट ज्याला दिसायला लागला, त्याने पेन्सिल धरू नये."

मला त्या म्हाताऱ्याचा मनस्वी राग आला. तुमच्यासाठीच केलं, एवढं खोटं बोलला असता तर त्याचं काय जात होतं? आत्याने अर्धं आयुष्य ज्या उपकाराला जपलं होतं, तो कुणी केलाच नव्हता. तिचा चेहरा एवढासा झाला. मी तिचा दंड धरला, तर तिने तो सोडवून घेतला.

"माझं चुकलं," ती म्हणाली. मोठ्याने, त्यांना ऐकू जाईल असं.

"चुकलं खरं," ते म्हणाले.

ते वळले आणि चार पावलं पुढे गेले. तिथे एक गसेट हाताला येईल अशी आहे. न शोधता त्यांचा तळवा थेट त्या कोपऱ्यातल्या रिवेटवर पडला. "दर फेरीला हे आठ मी स्वतः रंगवायचो," ते म्हणाले. "पोरांना हात लावू द्यायचो नाही." आणि मग त्यांच्या खांद्यातून काहीतरी हलायला लागलं. रडतात की काय म्हणून मी पुढे झाले. ते हसत होते. "माशी," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी माशीला रंग देत होतो."

हसू ओसरल्यावर त्यांनी माझ्याकडे पेन्सिल मागितली. निमंत्रणपत्रिकेची मागची कोरी बाजू त्यांनी कठड्यावर ठेवली. पहिली रेघ वेडीवाकडी आली, दुसरी बरी, आणि तिसऱ्या रेघेपासून हाताला जुनं आठवायला लागलं. प्लेटची कड, तिरप्या तुळया, मग एकेक वर्तुळ आणि एकेक ठिपका. गसेटकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. सगळी मंडळी चहाकडे निघून गेली होती. आत्या शेजारी उभी राहून ओठातल्या ओठात मोजत होती.

त्यांनी पत्रिका तिच्याकडे दिली. "घ्या. शाईत उतरवा."

आत्याने चष्मा लावला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं. त्रेसष्ट. मग तिची नजर एका कोपऱ्यावर थांबली. रांगांच्या बाहेर एक बारीकसा ठिपका होता. वर्तुळ नव्हतं.

ती एक पाऊल पुढे गेली, पत्रिका त्यांच्यासमोर धरली, त्या ठिपक्याखाली बोट ठेवलं आणि त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "एक विचारायचं होतं. हा रिवेट आहे का?"

भिंगवाल्यांनी खिशातून भिंग काढलं. बराच वेळ बघितलं.

"नाही," ते म्हणाले. "पेन्सिल टेकली असेल. बरं झालं विचारलंत."