मोतीरामचा भुलभुलैया

“मास्तर, उजव्या हाताले वळा!” मोतीराम माचीवरून ओरडला.

“सांगू नको मले!” तरटाच्या भिंतीआडून हेडमास्तर किसनराव गरजले. “गणित शिकवतो मी. माहा रस्ता मीच काढीन.”

सत्तावन्न सालची अंजनगावची जत्रा. मोतीराम दरवर्षी तिथे भुलभुलैया उभारायचा. बांबू रोवायचे, त्यांना तरटं बांधायची, आत उलटसुलट गल्ल्या. स्वतः उंच माचीवर बसून अडकलेल्यांना वाट सांगायची. त्यालाही रीत होती. पहिल्यांदा नुसतं “मांगं पाहा, बापू” म्हणायचं. तरी जमलं नाही तर कुठल्या हाताला वळायचं ते सांगायचं. अगदीच रडकुंडीला आलेल्यांसाठी मागचं एक तरट सैल सोडलेलं असे. मात्र तिथून वाकून बाहेर येणाऱ्याला सगळी जत्रा हसे.

हेडमास्तरांना आत जाऊन तास होत आला होता. बाहेर निम्मी शाळा जमली होती.

मोतीरामला राहवेना. खाली तिकिटं फाडणाऱ्या बायकोला त्याने मुद्दाम मोठ्याने सांगितलं, “सुभद्रे, चहा उजव्या अंगाले ठेव व! उजव्या!”

“समजते मले सारं!” आतून आवाज आला. हेडमास्तर हट्टाने डावीकडे वळले आणि चौथ्यांदा त्याच बंद गल्लीत पोचले. तिथेच बसले. “घसा सुकला रे,” असं अगदी हळू ऐकू आलं.

मोतीराम पाण्याचा लोटा घेऊन आत शिरला. आवाजाच्या रोखाने गेला, पाणी दिलं. “चाला मास्तर,” म्हणत ऐटीत निघाला, तीनदा वळला आणि दोघेही परत त्याच गल्लीत आले. उभारताना बांबूंमधून आरपार दिसायचं. तरटं लागल्यावर आत तो कधी फिरलाच नव्हता.

“तुले बी सापडून नाही राहिला?”

“वरून सोपं दिसते जी,” मोतीराम ओशाळला.

हेडमास्तर त्या दिवशी पहिल्यांदा हसले. “मंग इचार ना कोनाले. मी आपला तुह्या मांगं येतो.”

“सुभद्रे, माचीवर चढ व!”

लुगडं खोचून सुभद्रा चारचौघांदेखत माचीवर चढली. “आता उजव्या हाताले. जेवाचा हात वो! तो नाही!” जत्रा खो खो हसत सुटली.

शेवटी दोघे मोठ्या दारातून बाहेर आले. एका पालकाने विचारलंच, “लय वेळ लागला, मास्तर?”

हेडमास्तरांनी टोपी झटकली. “मोतीराम हरवला होता. त्याले घेऊन आलो.”

लोकांनी मोतीरामकडे पाहिलं. “हो जी,” तो म्हणाला.

गर्दी पांगली. “उतर आता,” त्याने बायकोला हाक दिली.

सुभद्रा उतरली नाही. तरटांची शिवण न् शिवण तिच्या हातची होती, पण एवढं सगळं एकत्र तिने कधी पाहिलंच नव्हतं.

“थांबा ना,” ती म्हणाली, “पाहून राहिली मी.”

मोतीराम तिकिटांची गड्डी घेऊन दाराशी उभा राहिला.