झावळ्यांच्या वर

“इनेस परत अडकली,” सालहा अंगणातून ओरडली. “चमचा तोंडाशी आणि तोंड उघडंच. पोरगी उपाशी मरायची अशानं.”

“तिकडं जेवतेय ती. फोनवर अडकली म्हणून पोटात जायचं थांबत नाही,” तिजानी गच्चीवरून म्हणाला. “तू कशाला हात लावू नकोस.”

“हात लावून काही होत असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?”

तोझर गावाच्या पाण्याच्या टाकीवर इंटरनेटचा एक रेडिओ, सालहाच्या गच्चीवरच्या खांबाला दुसरा आणि मधे पसरलेली तिच्या सासरची खजुराची बाग. दोघांनी एकमेकांकडे तोंड करून बोलायचं, एवढंच काय ते या घरचं इंटरनेट. मोबाइलला या टोकाला धड रेंज नव्हती. असे रेडिओ तिजानीनं आसपासच्या कितीतरी गावांत बसवले होते, पण पुन्हा पुन्हा चढावी लागलेली गच्ची ही एकच. वायर बदलून झाली, जोडणीत शिरलेली वाळू फुंकून झाली, वीज पुरवणारा डबाही नवा बसवला. पलीकडच्या हॉटेलचा रेडिओ त्याच चॅनेलवर कलकलाट करतो म्हणून चॅनेलसुद्धा बदललं. दर वेळी तो खाली उतरेपर्यंत सगळं ठीक चाले आणि वारा सुटला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

सालहाचा मुलगा वजदी समुद्रापलीकडे मार्सेयला होता. इनेस झाल्यापासून त्याचा एकच धोशा होता, उम्मी, कागद तयार आहेत, ये आता. सालहा म्हणायची, “रोज दिसते ना मला पोर? तेवढं पुरे.” ते ‘रोज दिसणं’ या खांबावर टांगलेलं होतं. ते बंद पडलं तर सालहा जाईल, हे तिजानीला पक्कं ठाऊक होतं आणि म्हणूनच त्याचा जीव टांगणीला लागला होता.

तरुणपणी त्यानं आईला सालहाच्या घरी मागणी घालायला पाठवलं होतं. मुलीशी लग्न करायचा तिच्या चुलतभावाचा हक्क आधी, असं उत्तर आलं. त्या चुलतभावानं हक्क सोडला नाही, लग्न त्याच्याशीच झालं. त्यालाही जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिजानीनं लग्न केलं नाही आणि पुन्हा काही विचारलंही नाही. पलीकडच्या गल्लीत राहायचं, कोंबड्यांवर खेकसणारा तिचा आवाज सकाळी ऐकायचा, एवढ्यावर त्याचं भागत होतं. भागत होतं म्हणजे काय, भागवून घेतलं होतं त्यानं.

मांडीवरच्या लॅपटॉपवर सिग्नलचा आकडा धडाधड खाली आला. वारा सुटला होता. तिजानीनं खांबाला गाल लावला आणि एक डोळा मिटून टाकीच्या दिशेनं पाहिलं. टाकी दिसली, नाहीशी झाली, पुन्हा दिसली. मधे झावळ्या डुलत होत्या.

त्यानं कपाळावर हात मारून घेतला. खांब बसवला तेव्हा खजूर पिकलेला होता. घडांच्या ओझ्यानं झावळ्या खाली वाकल्या होत्या, वरून वाट मोकळी होती. हिवाळ्यात घड उतरले, ओझं गेलं आणि झावळ्या ताठ उभ्या राहिल्या. खजुरावर चढणाऱ्याच्या पोटी जन्माला येऊन हे सुचलं नाही आणि आळ मात्र बिचाऱ्या वायरवर.

“तुझीच झाडं आडवी येतायत,” तो हसत ओरडला.

“मग छाटून टाक की.”

“हिरवी झावळी छाटू? तुझा सासरा कबरीतून उठून येईल मला मारायला.”

“तो येईल. जिवंतपणी तरी कुठं गप्प बसायचा.”

तिजानीनं स्वतःच्या घरचा लोखंडी पाइप आणला, खांबाला जोडून उंची वाढवली, तारांनी ताणून बांधला. मग रेडिओ केसभर इकडे, केसभर तिकडे करत राहिला. आकडा चढला तो पूर्वी कधीच नव्हता इतका. खाली बाग वाऱ्यावर सळसळत होती आणि आकडा जागचा हलत नव्हता. आता ही कुठं जात नाही, असं त्याच्या मनात आलं, आणि तो जवळजवळ धावतच जिना उतरला.

सालहा फोन दोन्ही हातांत धरून बसली होती. चित्र लख्ख होतं.

“दात कधी आले हिला?” ती विचारत होती.

“झाले की बरेच दिवस, उम्मी. दाखवले होते तुला,” वजदी म्हणाला.

“मला दिसले नाहीत.”

इनेस रडायला लागली. बाजूनं एका अनोळखी बाईचे हात आले. पोर त्या बाईच्या मानेला बिलगली आणि गप्प झाली.

“ही कोण रे?”

“शेजारीण. आम्ही कामावर जातो ना, दिवसभर हिच्याकडेच असते.”

सालहानं पडद्यावरच्या इनेसच्या पाठीवरून बोट फिरवलं.

“तिकीट काढ माझं,” ती म्हणाली.

तिजानी दारातच थांबला. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

“अर्धंमुर्धं दिसत होतं ना, तोवर मनाला समजावता येत होतं, तिजानी.”

“तिकडं थंडी असते म्हणे,” तो म्हणाला. “लोकरीचं काहीतरी ने बरोबर.”

“चहा घेऊन जा.”

“वर एक तार राहिलीय बांधायची.”

तो पुन्हा गच्चीवर गेला. राहिलेली तार त्यानं ताणून बांधली, सगळा भार टाकून ओढून पाहिली. खांब तसूभरही हलला नाही. खाली सालहा नातीशी बोबडं बोलत होती, हसत होती. तिचं तसं हसणं त्यानं तिच्या लग्नाआधी ऐकलं होतं, त्यानंतर आजच. हत्यारं पिशवीत भरायला त्याला फार वेळ लागला.