ओट्यामागची फट

उस्ताद म्हणजे जन्मभर बस चालवलेला माणूस. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुना कॅम्पर, म्हणजे आत ओटा आणि पलंग असलेली गाडी, घेतला आणि नवरा-बायको त्यातून फिरू लागले. कामाची वाटणी पहिल्याच दिवशी झाली: स्टिअरिंग त्यांचं, मागचं घर तिचं. मुक्कामाला उतरलं की उस्ताद भेटेल त्याला सांगायचे, "आमच्या गाडीत पोटातलं पाणी हलत नाही. विचारा हिला." ती मान डोलवायची, आणि उस्तादांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

ती गेली त्याला वर्ष होत आलं. परवा उस्ताद एकटेच गाडी घेऊन निघाले, तर एका वळणावर दुधाचं पातेलं ओट्यावरून कलंडलं. डोळ्यांना दिसलं तेवढं त्यांनी पुसलं. बाकीचं ओटा आणि पलंग यांच्यामधल्या फटीत उतरलं होतं, ते त्यांच्या गावीही नव्हतं. उन्हात गाडी अशी काही आंबली की जावई दार उघडून तसाच मागे फिरला. लेकीला निमित्तच हवं होतं. एकट्याने हे झेपायचं नाही, गाडी विकून टाकू, असं तिने सांगून टाकलं. वास घालवून दाखवतो, मग बोल, म्हणत उस्तादांनी रविवारपर्यंतची मुदत मागून घेतली. गाडी गेली तर घरात भिंतीकडे बघत बसण्यापलीकडे त्यांना काही उरणार नव्हतं.

रविवारी सकाळीच ते गुडघे टेकून कामाला लागले. फटीत हात जाईना. पट्टीला फडकं गुंडाळून आत घातलं, तर फडकं आत राहिलं आणि पट्टी तेवढी बाहेर आली. यापेक्षा घाट उतरणं सोपं, असं पुटपुटत त्यांनी पलंगाखालची फळी काढायला घेतली. इतक्या वर्षांत कोणी हात लावला नसेल म्हणून त्यांनी सगळा जोर लावला, आणि स्क्रू नुसत्या बोटाने फिरावा तसा फिरला. त्याच्या डोक्यावरची खाच पार झिजली होती. ही फळी आपण कधी उघडली, हे काही त्यांना आठवेना.

फळीआड एक बारीक काठी होती. तिच्या टोकाला त्यांचाच जुना बनियन दोऱ्याने घट्ट बांधलेला. शेजारी खायच्या सोड्याची बरणी. आणि लाकडावर डागांवर डाग चढलेले, चहाचे, दुधाचे, तेलाचे. उस्तादांनी काठी उचलली.

काठी फटीत सहज गेली, पार शेवटच्या कोपऱ्यापर्यंत. साबणाच्या कोमट पाण्याने त्यांनी सगळं पुसून काढलं, वर सोडा पसरला, वाळल्यावर झटकला. दुपारपर्यंत वासाचं नाव राहिलं नाही.

लेक आली, आत वाकून तिने खोल श्वास घेतला आणि हसली. ठेवा गाडी, म्हणाली. उस्तादांनी काठी पुढे केली.

"तुला हे माहीत होतं?"

लेक पायरीवर बसली. मग हळूहळू सांगू लागली. बाबांना निघायची सदा घाई. चूल विझते न विझते तोच गाडी सुरू. मग आई एका हाताने भांडी धरायची, दुसऱ्याने स्वतःला सावरायची. तरी सांडायचंच. मुक्कामाला बाबा बाहेर गप्पा छाटत बसले की ती फळी काढून आत शिरायची.

"हात भाजला होता तिचा, तेव्हाही आत शिरायची?" उस्तादांनी विचारलं.

"तेव्हाही. मी म्हटलं, सांग ना त्यांना. तर म्हणाली, जन्मात एवढी एकच फुशारकी मारतात, मारू दे."

उस्तादांना भडभडून आलं. बायको गेली त्या दिवशीही ते असे रडले नव्हते. लेक पाठीवरून हात फिरवत राहिली. गाडी ठेवायची आहे बाबा, कोणी नेत नाही, असं तिने पुन्हापुन्हा सांगितलं. उस्तादांनी खिशातून किल्ली काढून तिच्या हातात दिली.

"विकून टाक," ते म्हणाले. "इतकी वर्षं मला वाटत होतं, आम्ही दोघं फिरतोय."