आंधळं पाणी

बगळोबाने शिट्टी ओठांत धरली, पण फुंकली नाही. पोहण्याच्या तलावाच्या खोल टोकाशी तो वाकून उभा राहिला आणि डोळे बारीक करून तळाची काळी फरशी शोधू लागला. फरशीच्या जागी नुसतं दुधाळ काहीतरी हलत होतं. वर हात, पाय, रंगीत टोप्या आणि हसणं-खिदळणं. खाली काय असेल ते खालीच.

त्या तलावावर एक जुना शिरस्ता होता. काळी फरशी काठावरून दिसेनाशी झाली की पाणी आंधळं झालं म्हणायचं, आणि आंधळ्या पाण्यात कुणाला ठेवायचं नाही. असल्या पाण्यात एखादा खाली गेला, तर शेजारी पोहणाऱ्यालाही पत्ता लागत नाही. बुडणारा माणूस ओरडत नाही, गुपचूप जातो. बगळोबाला हे ज्या आधीच्या म्हाताऱ्या जीवरक्षकाने शिकवलं तो कधीचाच गेला, शिरस्ता मात्र राहिला.

पण आज समोरच्या काठावर पालिकेचे साहेब उभे होते. तलाव चालू ठेवायचा की माती टाकून बुजवायचा, ते त्यांच्या आजच्या पाहणीवर ठरायचं होतं. आणि साहेब चक्क हसत होते.

हा सगळा खटाटोप बाईंचा. बाई म्हणजे शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. अर्ध्या गावाने त्यांच्या हातची छडी खाल्लेली, त्यामुळे त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. तलावावर कुणी फिरकत नाही, असं पालिकेचं म्हणणं. ते खोडून काढायला बाईंनी गेले कित्येक महिने कचेऱ्यांचे जिने झिजवले होते, आणि शेवटी ठरवलं होतं की बोलून उपयोग नाही, साहेबांना भरलेला तलावच दाखवायचा. त्यांनी घरोघरी जाऊन दारं वाजवली. सकाळी फाटक उघडलं तेव्हा जत्रा लोटावी तशी माणसं आली. ज्यांनी शाळा सुटल्यापासून पाण्याला पाय लावला नव्हता, तेही घट्ट झालेल्या चड्ड्या घालून हजर.

पाण्यात उतरण्याआधी नळाखाली अंघोळ करायची, असा तिथला नियम. पण धड चालणारे नळ थोडे, रांग पार फाटकाबाहेर गेली. तेवढ्यात साहेब लवकर येताहेत असा निरोप आला. बाई धावत बगळोबाकडे आल्या. आजचा दिवस अंघोळीचं राहू द्या, म्हणाल्या. साहेबांना काय नळाची रांग दाखवायची आहे? बगळोबाने मान डोलावली नाही, पण अडवलंही नाही. मग डोक्याचं तेल, अंगाची मलमं, रस्त्याची धूळ, सगळं एका दमात पाण्यात गेलं. जुना फिल्टर जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा धापा टाकू लागला.

बगळोबा हे नाव पोरांनी ठेवलेलं. डावा गुडघा दुखायचा, म्हणून तो सगळा भार उजव्या पायावर टाकून काठाशी तासन्‌तास उभा असे. निवृत्तीचं वय कधीच उलटून गेलं होतं. त्या पगारात दुसरं कुणी येईना, म्हणून पालिका त्यालाच ठेवून घेत होती. लेक दुसऱ्या गावी असे. तळमजल्यावरची खोली तुमच्यासाठी मोकळी ठेवली आहे, असं ती दर फोनला सांगे. तलाव बंद झाला की येतो, असा शब्द त्याने दिला होता. "तलाव बंद पडायच्या आधी तुम्हीच पडाल," असं त्याची बायको म्हणायची.

तलाव बुजवणार अशी बातमी पहिल्यांदा आली तेव्हा सगळे हळहळले. बगळोबाही हळहळला. मग घरी जाऊन तो पोटभर जेवला. बायकोने वर पाहिलं, आणि आणखी वाढलं. पुढे बाईंच्या सभांना तो गेला, मागच्या बाकावर बसला, इतरांनी टाळ्या वाजवल्या की त्यानेही वाजवल्या.

घोडं अडलं होतं ते इथे. मनात काही नसतं, तर पाणी गढुळताक्षणी त्याने शिट्टी मारली असती. आता ओठांत शिट्टी होती, पण मागे जी फुंकर होती ती शिरस्त्याची की आपल्या मनाची, ते त्याला कळेना. त्याने पुन्हा वाकून पाहिलं. रोजच्या पोहणाऱ्यांतला शिंपी पाठीवर तरंगत जवळून गेला.

"काय बगळोबा, मासा दिसला का?"

चार जण हसले. शिंप्याच्या मागोमाग एक मुलगी नाक धरून खाली गेली आणि गेली ती दिसेनाशीच झाली. हाताच्या अंतरावर, तरी दिसेना. मग ती भलतीकडेच वर आली, केस मागे सारत.

बगळोबाने शिट्टी फुंकली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा लांबलचक.

रोजचे होते ते काही न विचारता काठाकडे वळले. त्यांच्या अंगातच ते मुरलेलं. बाकीचे एकमेकांची तोंडं पाहत त्यांच्यामागून निघाले. बघता बघता तलाव रिकामा झाला, आणि साहेब मागच्या माणसाला काहीतरी विचारू लागले. सगळ्यांत शेवटी बाई आल्या. ओल्या अंगाने थेट त्याच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब निघालेच होते. दोन मिनिटं थांबता आलं नाही तुम्हाला?"

"तळ दिसत नाही, बाई."

"दिसत नाही ते मला सांगता? मी त्यातच होते."

साहेब आले, पाण्यात डोकावले. असं नेहमी होतं का, त्यांनी विचारलं. माणसं वाढली की होतं, बगळोबा म्हणाला. म्हणजे नवा फिल्टर लागणार? लागणार. साहेबांनी मान डोलावली, बैठकीत बघू म्हणाले, आणि पँट वर धरून डबकी चुकवत निघून गेले. मागोमाग गर्दी पांगली. जाता जाता कुणीतरी मुद्दाम ऐकू जाईल असं बोललं, की राखणदारानेच घर लुटलं. शिंपी त्याच्याकडे न बघता निघून गेला. ते जास्त लागलं.

दुपारभर बगळोबाने फिल्टर धुतला, पुन्हा जोडला, पंप चालू ठेवला. ऊन उतरलं तसं पाणी हळूहळू निवळलं. आधी शिडीच्या खालच्या पायऱ्या दिसल्या, मग फरश्यांमधल्या रेघा, मग काळी फरशी. लंगडत लंगडत त्याने तलावाला पूर्ण फेरी घातली आणि कोपरा न्‌ कोपरा पाहिला. तळाशी केसांची एक पिन होती. दुसरं काही नाही. मग आपण कुणी बुडालेलं शोधत होतो हे त्याच्या ध्यानात आलं, आणि तो बाकावर बसला.

बाई केव्हा आल्या ते कळलं नाही. शेजारी येऊन टेकल्या. म्हणाल्या, तुमच्या घरच्या मध्यंतरी बाजारात भेटल्या होत्या. लेकीकडे जायचं म्हणत होत्या. बगळोबा गुडघा चोळत राहिला.

"खरं सांगा. तळ दिसत नव्हता म्हणून वाजवलीत, की तुम्हाला सुटायचं होतं?"

"माहीत नाही, बाई. सकाळपासून तेच बघतोय."

त्या चिडतील असं त्याला वाटलं. त्या पाण्याकडे पाहत होत्या.

"शिट्टी वाजली ना, तेव्हा पहिल्यांदा मला काय वाटलं सांगू? वाटलं, सुटले." त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. "राग नंतर आला."

तलाव बंद व्हायची वेळ झाली होती. बाई उठल्या, नळाखाली गेल्या, नियमाप्रमाणे डोक्यापासून पायापर्यंत अंघोळ केली आणि शिडीवरून हळूच पाण्यात उतरल्या. वेळ संपली, असं म्हणायला बगळोबाने तोंड उघडलं आणि मिटलं. बाई भिंतीला पाय लावून निघाल्या. घाई नव्हती, कुणाला दाखवायचं नव्हतं.

खिशातला फोन वाजला. बायको होती. आज काय ठरलं, बंद होणार का, तिने विचारलं. बैठकीत बघणार आहेत, तो म्हणाला.

"बरं. मग कुलूप लावून निघताय ना?"

बगळोबा उठून काठाशी आला. त्याने भार उजव्या पायावर घेतला.

"थांब जरा," तो म्हणाला. "एक माणूस पाण्यात आहे."