वाघाच्या कव्हरातली स्टेपनी

काळं रेक्झिनचं कव्हर, त्यावर वाघाचं तोंड.

मडगार्डच्या आत एक चंदेरी ओरखडा.

मंजुळाबाईच्या डाव्या हातावरची चिकटपट्टी.

पाच भोकं.

मित्रांनो, मी एक जुनी स्टेपनी आहे. गोल वस्तूला सुरुवात कुठली? म्हणून हे तुकडे आधी ठेवले. आता जोडते.

देऊळगाव राजाजवळच्या एका गावात शालिग्रामआबांची जुनी जीप आहे. मी तिचं पाचवं चाक. आम्ही पाच बहिणी एका साच्यातल्या, अरुंद आणि लोखंडी. वांग्याची पोती बाजारात पोचवली, नवऱ्या सासरी नेल्या. एखादी पंक्चर झाली की मी तिची जागा घ्यायचे. आबा मला थोपटून म्हणायचे, "हे हाय म्हणून घरी पोचतो."

मग त्यांच्या मुलाने, कुलदीपने, जीप सजवायला घेतली. जालन्याहून दुसऱ्या गाडीची रुंद, चकचकीत चाकं आणली. त्यांची भोकं जीपच्या बोल्टांना जुळेनात. म्हणून मधे अडॅप्टर आला. ही एक जाड चकती. ती जीपच्या बोल्टांवर बसते आणि नवं चाक चकतीच्या बोल्टांवर.

टायरवाला गजेंद्र म्हणाला, "ऑफसेट पाह्यला का बे? चाक आधीच बाहेर निघते, त्यात ही चकती. वजन पडलं की टायर मडगार्डले घासंन."

"घासू दे. दिसते कशी ते पाह्य!"

आबांनी एवढंच विचारलं, "अन् स्टेपनी?"

"राहू द्या तीच. मागं रिकामं बरं नाही दिसत. टायर नवे हायत आबा, पंक्चर काऊन होतीन?"

माझ्या चार बहिणी भंगारात गेल्या. माझ्यावर वाघ चढला. लोक वाघाचं कौतुक करायचे. मी आत अंधारात होते.

आबांची बायको मंजुळाबाई. तिची मूत्रपिंडं निकामी झाली. ठरल्या दिवशी जालन्याला मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं. एकदा ती फेरी चुकली, तर तिचा जीव जाता जाता राहिला. एसटीचे धक्के तिला सोसत नाहीत, म्हणून जीप.

अशाच एका दिवशी जालन्याला जाणारे शेजारीही मागे बसले. रस्त्यात खड्डा आला, जीप दबली, पुढचा टायर घासून मडगार्डच्या आत चंदेरी ओरखडा उठला आणि मडगार्डच्या कडेने कापून टायर फुटला.

कुलदीपने वाघ ओरबाडून काढला. फुटलेलं चाक उतरवून मला चकतीसमोर धरलं. फिरवलं, पुन्हा धरलं. माझी पाच भोकं, समोर पाच बोल्ट, आणि एकही जुळेना. मित्रांनो, अडल्या वेळेसाठीच घडवलेल्या वस्तूला याहून मोठं दुःख नसतं.

"किती वेळ रे कुलदीपा?" आतून मंजुळाबाईचा आवाज आला. "मले धाप लागून राह्यली."

कुलदीप चाकापाशी वाकला. "चकतीच काढतो," तो म्हणाला. पण तिच्या नटांना नवा पाना बसेना.

आबांनी सीटखालून जीपचा जुना पाना काढला. "धर."

"हा तर म्या भंगारात टाकला होता!"

"म्या उचलला."

एवढंच. कुलदीपने पाना लावून जोर दिला. चकती निघाली. खाली माझे जुने बोल्ट होते, गंजलेले, पण माझे. मी बसले.

शेजारी आपणहून उतरले. एकीकडे अरुंद मी, दुसरीकडे ते रुंद चाक. जीप एका अंगाला ओढत होती. कुलदीप दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून हळू चालवत होता. दवाखान्यात नर्स मंजुश्री दारातच उभी होती. "मावशी, अजून थोडा उशीर झाला असता तर मशीन दुसऱ्याला गेलं असतं. या."

मंजुळाबाई आज अंगणात भाजी निवडत बसली आहे, डाव्या हातावर मशीनच्या सुईच्या जागी चिकटपट्टी. जीपला पुन्हा अरुंद चाकं आहेत.

मित्रांनो, गाडी खुशाल सजवा. पण अडल्यावर जे लागणार, ते बसतं का, हे घरीच लावून पाहा. आणि ते कव्हरात घालून विसरू नका.

टायर फुटला त्या दिवशी पहाटे, घर उठायच्या आधी, आबांनी वाघाचं कव्हर सोडून हातपंपाने माझ्यात हवा भरली होती.